राहून गेलेले सहा फर्लांग

नवा माणूस भेटला की लोक त्याचं आडनाव विचारतात, गाव विचारतात. भाऊ मैल विचारायचे. बोरिवलीच्या त्या रस्त्यांच्या कचेरीत मी ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे शाईने उतरवायला, रुजू झाले, त्या दिवशी त्यांचा पहिला प्रश्न होता, "राहायला कुठे?"

मी म्हटलं, "गोरेगावला."

"गोरेगाव केवढं पसरलंय. रस्त्याला कुठे लागतं तुमचं घर?"

मी माझ्या परीने सांगितलं. स्टेशनवरून सरळ, मग पिठाची गिरणी, मग उजवीकडे. त्यांनी डोळे मिटले, दोन बोटं हवेत हळूहळू पुढे सरकवली आणि म्हणाले, "आठवा मैल, तिसरा फर्लांग. समोर चिंच आहे, एकोणचाळीस नंबरची. आहे ना?"

चिंच होती. लग्न होऊन चार वर्षं मी त्या चिंचेखालून येत-जात होते, पण तिच्या बुंध्यावर कधीकाळी आकडा रंगवलेला आहे हे मला दिसलं नव्हतं. संध्याकाळी मुद्दाम थांबून बघितलं. रंग उडालेला होता, पण एकोणचाळीसच होता.

भाऊ आमच्याकडचे सर्वांत जुने ओव्हरसिअर. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं. बुटके, सावळे, वर्षानुवर्षं मोजणीची साखळी वाहून उजवा खांदा जरा उतरलेला. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून "ट्रेसरबाई" म्हणायला लागले. मला आधी राग आला. मग सवय झाली. आता तसं म्हणणारं कुणी नाही याचं वाईट वाटतं.

त्यांच्या लेखी जगात रस्ता एकच होता. वांद्र्याच्या खाडीपाशी निघायचा, रेल्वेच्या पश्चिमेने पार्ला, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली करत दहिसरला जायचा, पुढे घोडबंदरच्या खाडीला टेकून ठाण्याकडे वळायचा. शहरातल्या त्याच्या तुकड्याला एका थोर पुरुषाचं नाव देऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ त्या थोर पुरुषाला मनापासून हात जोडायचे आणि रस्त्याला घोडबंदर रोडच म्हणायचे. दहिसरच्या नाक्यापलीकडे तोच रस्ता राज्य सरकारचा होता, राज्यमार्ग म्हणून त्याला वेगळा नंबर होता. हेही त्यांना मान्य नव्हतं. "नाक्यावर ट्रक थांबतात," ते म्हणायचे. "रस्ता कुठे थांबतो?"

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की रस्त्याचा इतिहास सुरू. घोडबंदरला अरबांची गलबतं लागायची, घोडे उतरायचे आणि ते घोडे मुंबईकडे ज्या वाटेने हाकत आणले तीच ही वाट, असं ते छातीठोकपणे सांगायचे. पुरावा मागितला तर म्हणायचे, "वळणं बघा ना. हे वळण माणसाने काढलेलं नाही. तहानलेला घोडा पाण्याकडे वळतो, तसा हा रस्ता दर दोन-तीन मैलांनी नदीकडे वळतो. ओशिवरा घ्या, पोईसर घ्या, दहिसर घ्या." ऐकताना पटायचं. घरी गेल्यावर भाजी चिरताना लक्षात यायचं की पूल बांधायचा तर रस्ता नदीकडेच जाणार, त्यात घोड्याचा काय संबंध! पण तोवर उशीर झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी डब्याला वेगळा मैल.

उपनगरं शहराला जोडली तेव्हा रस्ताही प्रांताच्या खात्याकडून इकडे आला. सुपूर्त करायच्या वस्तूंची यादी झाली. रोडरोलर एक, डांबराच्या टाक्या दोन, घमेली, फावडी, आणि तळाशी मुकादम एक. तो मुकादम म्हणजे भाऊ. ही यादी त्यांनी जपून ठेवली होती आणि नव्या माणसाला कौतुकाने दाखवायचे. "मी बदली मागितली नव्हती," म्हणायचे. "रस्ता बदलून आला, म्हणून मी आलो." घमेल्यांच्या खाली आपलं नाव आलं याचं कुणाला एवढं सुख होऊ शकतं, हे मी तेव्हाच बघितलं.

माणसांबद्दलही ते याच भाषेत बोलायचे. आमच्या हेडक्लार्कना काविळीनंतर बघून आले आणि म्हणाले, "खालची खडी पक्की आहे. वरचं डांबर तेवढं गेलंय. दोन महिने अवजड वाहतूक नको." माझ्या धाकट्या दिराचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी असंच काहीतरी रस्त्याखालच्या मोरीचं आणि तुंबण्याचं सांगितलं होतं. सासूबाईंना ते फार पटलं.

एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या कांदिवलीच्या घरी गेले होते. काकू भलत्याच बोलक्या. "लग्नाच्या चौथ्या दिवशी मला म्हणाले, चल, तुला काहीतरी दाखवतो. मला वाटलं सिनेमा. मी शालू नेसून निघाले. तर नेलं पोईसरला आणि मोरी दाखवली! दगडी कमानीची. म्हणे, इतक्या वर्षांत एक दगड हललेला नाही. मी म्हटलं, छान आहे. आता नव्या नवरीने दुसरं काय म्हणायचं?" मग वाण देता देता त्यांनी आवाज खाली आणला. "पण खरंच छान होती हो मोरी."

भाऊंचा जीव होता तो रजिस्टरमध्ये. लाल कापडाच्या पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड रोड रजिस्टर. एका फर्लांगाला, म्हणजे मैलाच्या आठव्या भागाला, एक पान. डावीकडे काय, उजवीकडे काय, मोऱ्या कुठे, झाडं कुठली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्त्याच्या जागेची हद्द दाखवणारे दगड नेमके कुठे पुरलेत. मैलांचे किलोमीटर झाले तेव्हा जुनं रजिस्टर बाद करून भाऊंनी हे नवं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पानं मात्र फर्लांगांचीच ठेवली होती. पहिल्या पानावर ओळ होती, 'प्रत्येक फूट पायी चालून तपासला आहे', आणि खाली सही. वाद कुठलाही निघो, साहेब म्हणायचे, "भाऊंचं रजिस्टर आणा रे." ते आलं की वाद मिटायचा.

याचा मी पाहिलेला सर्वांत झकास प्रकार अंधेरीकडचा. एका कोपऱ्यावर दरवर्षी पाणी तुंबायचं. इंजिनिअर आले, गटारं उपसली, उतार बदलले, पाणी काही हटेना. भाऊंनी रजिस्टर उघडलं, जागेवर गेले, पावलं मोजली आणि एका केशकर्तनालयाच्या पायरीवर उभे राहिले. "याच्या खाली मोरी आहे."

न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. "ओ साहेब, काय चाललंय? धंद्याची वाट लावणार काय माझ्या? बापाच्या टायमापासून दुकान आहे, मोरी-बिरी काय नाय इथे."

"तुझ्या बापाने पायरी बांधली तेव्हा मी त्याला सांगितलं होतं," भाऊ म्हणाले. "तो म्हणाला, दोन वर्षांत काढतो."

न्हावी वस्तरा मिटून बाजूला झाला. बहुतेक बापाने मरताना सांगून ठेवलं असावं. पायरी उखडली, चार फुटांवर कमान लागली, आत गाळ गच्च. गाळ काढल्यावर सगळं पाणी असं निघून गेलं की जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र खजील झाल्यासारखे दिसत होते. परतताना म्हणाले, "यात माझं काय आहे, ट्रेसरबाई? लिहिलेलं होतं. चालून लिहिलं की चुकत नाही."

मला साइटवर न्यायचं खूळही त्यांचंच. ट्रेसरने, त्यातून बाई ट्रेसरने, उन्हात हिंडावं हे कचेरीत कुणाला पसंत नव्हतं. भाऊ साहेबांना म्हणाले, "या बाईंची शाईची रेघ पाऊण मिलिमीटरची आहे. जागेवर ती अडीच फूट होते. अडीच फुटांत एका माणसाची खाट मावते, साहेब. आपण कुणाच्या खाटेवरून रेघ ओढतो ते त्यांना एकदा बघू दे." साहेबांनी परवानगी दिली. मग महिन्यातून एकदा मी त्यांच्यासोबत चालायला लागले. ते पुढे, मी मागे, पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या.

चौऱ्याऐंशीच्या सुमाराला गोरेगाव-मालाडच्या मधल्या पट्ट्याचं रुंदीकरण निघालं. नकाशा मी काढला, भाऊंच्या रजिस्टरवरून. इथे थोडं समजावून सांगायला हवं. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या गाड्यांसाठी हा रस्ता रुंद करायचं ठरलं होतं आणि पूर्वेच्या अंगाने जमिनीची एक लांब पट्टी सरकारने घेतली होती. बहुतेक ठिकाणी ही पट्टी रजिस्टरमध्ये होती. या पट्ट्यातल्या सहा फर्लांगांत मात्र ती नव्हती. म्हणजे तिथे सरकारची जादा जागा नाही. तिथे पूर्वेला लाकडाची मोठी वखार होती, दगडी भिंतीची. पश्चिमेला चौदा खोल्यांची बैठी चाळ. पूर्वेला जागा नाही म्हटल्यावर रुंदी पश्चिमेला घ्यायची, हे ओघानेच आलं. माझी लाल शाईची रेघ चाळीच्या चौदाही खोल्यांच्या मधोमध गेली. ती रेघ ओढताना मला काही वाटलं नाही, हे मी कबूल करते. हात थरथरला नाही, शाई फुटली नाही. साहेब म्हणाले, सुरेख झालाय नकाशा.

दिवाळीनंतर चाळीच्या दारांवर पाडकामाचे लाल आकडे रंगवले गेले आणि काही दिवसांनी भाऊ मला तिथे घेऊन गेले. चाळीत बरीचशी कोकणातली घरं, काही घाटावरून आलेली बौद्ध कुटुंबं. कुणी गिरणीत, कुणी पोस्टात, कुणी बसवर कंडक्टर. आम्हाला पाहून माणसं बाहेर आली. एक तरुण अंगावरच आला. "काय यार, परत मोजायला आले? आता काय उरलंय मोजायला?"

त्याला हाताने मागे सारून एक साठीची बाई पुढे आली. सगळी चाळ तिला मावशी म्हणत होती. मालवणकडची. "तुमी रस्त्याचे साहेब मां? मग माका सांगा, हो रस्तो आमच्याच अंगार कित्याक येता? त्या बाजूक येवढी जागा आसा."

"ती वखारीची जागा आहे, मावशी," भाऊ म्हणाले.

"वखारीची? कधीपास्ना? मी लग्न होवन इलंय तेव्हा थंय भिंत नव्हती. रस्त्याच्या कडेक मोकळी जागा, आणि पलीकडे दगड होतो, असो ढोपराएवढो. कायतरी कोरलेला होता त्याच्यार. ह्या चेडवाक त्या दगडार बसवन मी भात भरवलंय." तिने शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या आईकडे बोट दाखवलं. "भिंत मागसून इली."

भाऊ एकदम उभ्या जागी थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ऊन लागलं असावं असं वाटून मी गोळी पुढे केली. ती त्यांनी घेतली आणि खिशात टाकली. मग रस्ता ओलांडून सरळ वखारीत शिरले. मुनीम बिचारा भला होता. "बघा की, इथे काय लपवायचंय!" म्हणाला. आत, भिंतीपासून बऱ्याच आत, करवतवाला ज्या दगडावर बसून पात्याला धार लावत होता, तो हद्दीचा दगड होता. करवतीने त्याच्या कडेला चरे पाडले होते. भाऊंनी त्या माणसाला उठवलं, खाली बसले आणि भुसा हाताने बाजूला केला. कोरलेला बाण दिसला, खाली आकडा दिसला. त्यांनी आकड्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि उठून बाहेर पडले.

त्यानंतर अकरा दिवस ते कुणाशीच धड बोलले नाहीत. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा त्यांना रजिस्टर मांडीवर घेऊन नुसतं बसलेलं बघितलं. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी आले. "चहाला चला, ट्रेसरबाई." स्टेशनसमोरच्या उडप्याकडे गेलो.

"ते सहा फर्लांग मी चाललेलो नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"नवं रजिस्टर लिहिताना. सगळा रस्ता चाललो, दगड न दगड हात लावून बघितला. हाच तुकडा राहिला. त्या दिवशी खात्याचे नवे बूट घातले होते. टाचा सोलून निघाल्या, रक्त आलं. मागून तबेल्याच्या गवताची गाडी आली. गाडीवाला म्हणाला, बसा. मी बसलो. बसलो काय, गवतावर उताणा पडलो. बरं वाटलं. खरं सांगतो बाई, फार बरं वाटलं. मालाड आल्यावरच उतरलो. आणि मधल्या सहा फर्लांगांच्या नोंदी जुन्या रजिस्टरवरून उतरवल्या. जुनं रजिस्टर लढाईच्या आधीचं. त्यात ती पट्टी कुठून असणार?"

"परत जाऊन बघायचं राहिलं?"

"आज जाऊ, उद्या जाऊ. मग पहिल्या पानावर सही केली. सही केल्यावर परत जायचं म्हणजे... मग विसरलोच. खरंच विसरलो. लोक विचारायचे, भाऊ सगळा रस्ता चाललात? मी म्हणायचो, होय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते. मला त्यांची फार दया आली आणि त्या दयेपोटी मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "भाऊ, जुन्या रजिस्टरमध्ये चूक होती असं लिहा ना. ते जुने ओव्हरसिअर केव्हाच वारले. त्यांना आता कोण काय विचारणार? चाळ वाचेल, तुमचं नावही राहील."

त्यांनी कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "त्यांचं रजिस्टर त्यांच्या काळी बरोबर होतं. ते चालले होते."

दुपारी त्यांनी अर्ज लिहून साहेबांपुढे ठेवला. नकाशे घेऊन मी तिथेच उभी होते. सदर सहा फर्लांग अंतर मी पायी न चालता गवताच्या गाडीतून केले व हद्दीच्या नोंदी जुन्या रजिस्टरवरून उतरवल्या, चूक सर्वस्वी माझी आहे, जागेवर फेरमोजणी व्हावी, असं लिहिलं होतं. साहेबांनी चष्मा काढला. "अहो भाऊ, निवृत्तीच्या तोंडावर कशाला हे लफडं? चौकशी लागेल. नुसतं 'नोंद अपुरी आढळली' म्हणा. आणि हे गवताची गाडी वगैरे लिहायलाच हवं का? लोक हसतील हो."

"हसू देत," भाऊ म्हणाले. "पण गाडी गवताचीच होती."

लोक हसले. मनसोक्त हसले. शिपाई पाठीमागे त्यांना 'गवतवाले भाऊ' म्हणू लागले. ज्या इंजिनिअरांना त्यांनी वीस वर्षं खाली बघायला लावलं होतं, ते कुठल्याही कागदावर त्यांची सही दिसली की विचारायचे, "हे चालून का गाडीतून?" भाऊ ऐकून घ्यायचे. रजिस्टरच्या पहिल्या पानावरची ती ओळ त्यांनी स्वतः खोडली, शेजारी 'सहा फर्लांग वगळून' असं लिहिलं आणि तारीख घातली. चौकशी झाली, लेखी समज मिळाली. मला हसणाऱ्यांचा संताप यायचा. एकदा मी एका इंजिनिअरला सगळ्यांदेखत सुनावलंही. भाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नका तोंड वाजवू. त्यांचं म्हणणं खरं आहे."

ठाण्याच्या दप्तरातून लढाईच्या काळातले जमीन घेतल्याचे कागद निघाले. होळीच्या आसपास फेरमोजणी झाली. साखळीचं एक टोक भाऊंनी धरलं आणि ते सहाही फर्लांग चालले. वखारीची भिंत मागे घ्यावी लागणार हे नक्की झालं. नवा नकाशा मी काढला. चाळीच्या दारांवरचे आकडे पुसायचा हुकूम निघाला.

चाळीने त्यांना बोलावलं. शाल, नारळ, पेढे, सगळं आणलेलं. भाऊ जायला तयार नव्हते. मीच गळ घालून नेलं. चाळीतल्या एकाने देवमाणूस वगैरे भाषण सुरू केलं तशी त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "थांबा. तुमच्या दारांवर आकडे आले ते माझ्यामुळे. मी कामात कसूर केली होती. शाल नको." आणि बूट, गाडी, रजिस्टर, सगळं त्यांच्यापुढे सांगितलं. शाल आणणाऱ्याने तिची परत घडी घातली. शेवटी मावशीच उठली. "चुकी तुमची, मगे निस्तरलात पण तुमीच. बसा आता. च्या घेवा."

चहा घेताना भाऊ दारं बघत होते. आकडे पुसल्यावर मागे राहिलेले तांबूस डाग. शेवटच्या खोलीला कुलूप होतं आणि तिचा आकडा कुणी पुसला नव्हता.

"हे लोक?" त्यांनी विचारलं.

"गेले ते," मावशी म्हणाली. "गिरणीतलो माणूस, संपापास्ना घरीच. दोन चेडवां. आकडो बघून घाबरलो. कोण एक दलाल इलो, खोलीचा मिळात ता घी म्हणालो. गेले नालासोपाऱ्याक."

"कधी?"

"तुमी तो दगड बघून गेलात मां? तेच्या आठ-नव दिसांनी."

भाऊंनी अर्धा चहा तसाच ठेवून कप खाली ठेवला. अकरा दिवस ते गप्प बसले होते. हे त्या चाळीत फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं.

एप्रिलअखेर त्यांचा निवृत्तीचा दिवस. साहेब मनाने मोठे, त्यांनी रीतसर निरोप समारंभ ठेवला. हार, वेफर्स, वर्गणीतून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ. चार वाजले, साडेचार वाजले, भाऊ नाहीत. मला घरी फोन करायला सांगितलं, म्हणजे त्यांच्या खालच्या दुकानात. काकू म्हणाल्या, सकाळी डबा घेऊन निघालेत, कचेरीतच असतील. सहाला आम्ही वेफर्स खाऊन घरी गेलो. हार खुर्चीवर तसाच राहिला.

एक मेची सुट्टी गेल्यावर ते कपाटाच्या किल्ल्या द्यायला आले. साहेबांची माफी मागितली, घड्याळ घेतलं. मग माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. मी नकाशा बाजूला सारला.

"नालासोपाऱ्याला गेलो होतो," ते म्हणाले. "घर शोधण्यात दुपार गेली. त्याच दिवशी जायला हवं होतं. आता मी रस्त्याचा कुणी नाही. त्या दिवशी होतो."

"भेटले?"

"बाई होती. तो कामाच्या शोधात गेलेला. मुली होत्या. बसायला दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. गवताची गाडी सांगितली. आणि ते अकरा दिवसही सांगितले. दगड बघितला त्याच दिवशी लिहिलं असतं तर तुम्ही आज चाळीत असता, म्हटलं."

"मग काय म्हणाली?"

"ओरडली नाही. तिने ओरडावं असं मला वाटत होतं." भाऊ थोडा वेळ घड्याळाच्या खोक्याची दोरी सोडत राहिले. "तिने एवढंच विचारलं, मग आता खोली परत मिळेल का?"

सुटलेली दोरी मी उचलून ठेवली.

"नाही, म्हटलं. दलालाने पुढे विकलीसुद्धा. ती म्हणाली, बरं. आणि पोळ्या करायला उठली. तेव्हा कळलं मला, मी गेलो होतो ते माझ्यासाठी. तिला त्याचा काय उपयोग?"

मला म्हणायचं होतं, भाऊ, तेरा घरं राहिली, आणि ती तुम्ही लिहिलंत म्हणून राहिली. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तेरापर्यंत त्यांनाही मोजता येत होतं. मी शाईच्या बाटलीचं झाकण लावलं आणि ते उठेपर्यंत त्यांच्यासमोर नुसती बसून राहिले.